घरचे पत्र आणि परदेशातील माणूस

घरातील माणूस दूरदेशी गेले की मागे राहिलेल्यांचे डोळे टपालवाल्याच्या वाटेकडे लागतात. हा अनुभव कोणा एका देशाचा नाही. १८४५ च्या सुमारास आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला, आणि पुढील काही वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसांनी मायदेश सोडला. त्यांच्याकडून येणाऱ्या पत्राला तेथील खेड्यांत 'अमेरिकेचे पत्र' असे नावच पडले. त्यात बहुधा पैसे असत. कधी धाकट्या भावंडासाठी बोटीचे तिकीटही असे. पत्र आले की शेजारीपाजारी जमत आणि ते सर्वांसमक्ष वाचले जाई.

हे वर्णन आपल्या कोकणालाही लागू पडते. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याची ख्यालीखुशाली रत्नागिरीकडील घरी कळे ती पुष्कळदा मनिऑर्डरीनेच. टपाल खात्याने ही सोय १८८० साली सुरू केली. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळींपुरती जागा असे. पण त्या दोन ओळींसाठी घरची माणसे महिनाभर थांबत. ज्याला लिहिता येत नसे तो मुंबईच्या मोठ्या पोस्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडून पत्र लिहवून घेई. मात्र याच कोकणातून एकोणिसाव्या शतकात जे मजूर करारावर मॉरिशसला गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, आणि मध्ये अफाट समुद्र होता. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला, 'झाकरी' जपली. पण मूळ घराशी असलेला पत्रांचा धागा बहुतेकांच्या बाबतीत तुटला तो तुटलाच.

पत्र काय करू शकते, हे पाहावयाचे असेल तर आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्यावे. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अवघे अठरा वर्षांचे. त्यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्यातच नोकरीस होते, हाही एक योगायोग. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंचे शिक्षण सुरू झाले आणि पतिपत्नींचा संसार जणू पत्रांतूनच चालू लागला. एका पत्राला उत्तर येण्यास दोन महिने सहज लागत.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी लोकनिंदा सोसली होती. परंतु दूर गेलेल्या पत्नीविषयी त्यांच्या मनात शंका येत, आणि त्या तीव्र शब्दांत कागदावर उतरत. समोरासमोर बोललेला कठोर शब्द पुढच्या घटकेस सावरता येतो. टपालात पडलेला शब्द मात्र परत बोलावता येत नाही. तो थंडीने गारठलेल्या, अभ्यासाने थकलेल्या एकट्या मुलीच्या हाती जाऊन पडतो. आनंदीबाईंनी त्याला निर्भीडपणे उत्तर दिले. बालवयात आपणांस झालेल्या मारहाणीची त्यांनी पतीला आठवण करून दिली. ते वागणे ध्येयाच्या दृष्टीने योग्य ठरले असेल, पण लहान मुलीच्या मनावरील परिणाम पाहता ते चुकीचेच होते, असे त्यांनी लिहिले. त्या काळच्या हिंदू स्त्रीला जे पतीसमोर उभे राहून बोलणे कठीण, ते पत्राने बोलता आले.

१८८५ साली गोपाळराव स्वतः अमेरिकेस गेले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा ते उपस्थित होते, आणि पंडिता रमाबाईही होत्या. पुढे वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने आनंदीबाईंचा पुण्यात अंत झाला. त्यांची पत्रे मात्र जपली गेली होती. म्हणूनच काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र लिहिता आले. रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' हेदेखील मुळात १८८३ साली विलायतेहून सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले पत्रच होय.

१९४८ च्या जूनमध्ये मुंबई-लंडन विमानसेवा सुरू झाली, आणि हळूहळू महिन्यांचे अंतर दिवसांवर आले. आता तर तेही उरले नाही. राजधानीजवळ १९७६ साली स्थापन झालेल्या नोएडासारख्या नगरात आजी-आजोबा रात्रीचे जेवण आटोपून फोन लावतात, तेव्हा न्यूयॉर्कमधील नातवंडांची सकाळ असते. चेहरे दिसतात, हसू ऐकू येते. ही मोठीच सोय आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु बोललेले शब्द विरून जातात. परदेशात वाढणारे मूल मराठी ऐकते, क्वचित बोलते. देवनागरी वाचण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. तो प्रसंग आजीचे पत्रच आणू शकते.

तेव्हा महिन्याला एक पत्र लिहावे. 'इकडील सर्व क्षेम' एवढ्यावर थांबू नये. अंगणातील जास्वंद फुलली का, लोणच्याला यंदा कैरी कशी मिळाली, कोणाच्या घरी बारसे झाले, हेच दूरच्या माणसाला हवे असते. घरातील आजार लपवू नये, वाढवूनही सांगू नये. रागाच्या भरात लिहिलेले पत्र एक रात्र उशाशी ठेवावे. सकाळी ते पाठवावेसे वाटेलच असे नाही. नातवंडांसाठी चार ओळी ठळक, सुट्या अक्षरांत लिहाव्या आणि उत्तर त्यांच्याच हातचे मागावे. प्रत्येक पत्रावर तारीख व गाव घालावे, आणि आलेली पत्रे एका पेटीत राखून ठेवावीत. आपल्या घराण्यात कोणी काशीबाईंसारखी चरित्र लिहिणारी निपजेल न निपजेल. पण आपण कोठून आलो, हे पुढच्या पिढीला आपल्याच माणसाच्या अक्षरांत वाचता येईल.