मिलेनियम पार्क (शिकागो)

मिलेनियम पार्क हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहराच्या मध्यवर्ती भागात, मिशिगन सरोवराजवळ असलेले सार्वजनिक उद्यान आहे. ग्रँट पार्क या जुन्या उद्यानाच्या वायव्य कोपऱ्यात ते वसलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २४.५ एकर आहे. जुलै २००४ मध्ये ते जनतेसाठी खुले झाले. लोकप्रियतेबरोबरच नियोजित मुदतीपेक्षा झालेला चार वर्षांचा विलंब आणि तिपटीहून अधिक वाढलेला खर्च यांमुळे नागरी प्रकल्पांच्या अभ्यासात या उद्यानाचे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

सरोवराचा काठ बांधकामापासून मुक्त राहावा, हा शिकागोतील जुना आग्रह आहे. टपालाद्वारे माल विकणारे व्यापारी अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८९० पासून सुमारे दोन दशके न्यायालयीन लढे देऊन ग्रँट पार्कमधील मोकळी जागा राखली. तथापि, या परिसराचा एक भाग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या ताब्यात होता. रेल्वेमार्ग आणि वाहनतळ यांनी व्यापलेली ही सखल जागा अनेक दशके तशीच राहिली.

नियोजन

महापौर रिचर्ड एम. डेली यांनी मार्च १९९८ मध्ये या जागेवर उद्यान उभारण्याची योजना जाहीर केली. रेल्वेमार्ग हलवायचा नव्हता. त्याच्यावर आणि भूमिगत वाहनतळावर छत घालून त्या छतावर बाग फुलवायची होती. म्हणूनच मिलेनियम पार्कची गणना जगातील मोठ्या हरितछतांमध्ये केली जाते.

प्रारंभिक अंदाजपत्रक १५ कोटी डॉलरचे होते. त्यांपैकी १२ कोटी डॉलर वाहनतळाच्या उत्पन्नातून फेडावयाच्या कर्जरोख्यांद्वारे, तर ३ कोटी डॉलर खाजगी देणग्यांतून उभे राहणार होते. करदात्यांवर भार पडणार नाही, असे आश्वासन त्या वेळी देण्यात आले होते.

बांधकाम आणि कंत्राटे

ऑक्टोबर १९९८ मध्ये काम सुरू झाले. सार्वजनिक बांधकामात सामान्यतः प्रथम संपूर्ण आराखडा तयार होतो, त्यावरून कामाची परिमाणे ठरतात, निविदा मागविल्या जातात आणि मग कंत्राटदार नेमला जातो. शिकागोत मात्र नव्या सहस्रकाच्या आरंभी उद्यान खुले करण्याच्या घाईमुळे आराखडा पूर्ण होण्यापूर्वीच बांधकामास प्रारंभ झाला.

अशा पद्धतीत वेळ वाचू शकतो. परंतु आराखडा मध्येच बदलल्यास कंत्राटातील मूळ दर आणि परिमाणे निरुपयोगी ठरतात व वाढीव कामाचे पैसे नगराला द्यावे लागतात. येथे तसेच घडले. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांचा संगीतमंच योजनेत नंतर समाविष्ट झाला आणि उद्यानाचे क्षेत्रही वाढले. वजन वाढल्याने आधारभूत बांधकामात भर घालावी लागली. रेल्वेमार्गावरील बांधकामात असा बदल विशेष खर्चिक असतो.

खर्च

उद्यानाचा एकूण खर्च सुमारे ४७.५ कोटी डॉलरवर गेला. त्यांपैकी सुमारे २७ कोटी डॉलरचा वाटा शहराने आणि उर्वरित वाटा खाजगी देणगीदारांनी उचलला. वाहनतळाचे उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही. २००६ मध्ये शहराने मध्यवर्ती भागातील भूमिगत वाहनतळ ५६.३ कोटी डॉलरच्या मोबदल्यात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खाजगी कंपनीला दिले आणि त्यातून या उद्यानाशी निगडित कर्जाची परतफेड केली.

प्रमुख वास्तू व शिल्पे

जे प्रित्झकर संगीतमंच: गेरी यांनी पोलादी पट्ट्यांनी सजविलेला खुला रंगमंच. सरोवरकाठच्या उंचीविषयक निर्बंधांची अडचण टाळण्यासाठी त्याची नोंद इमारत म्हणून न करता कलाकृती म्हणून करण्यात आली.

क्लाउड गेट: मुंबईत १९५४ साली जन्मलेले शिल्पकार अनीश कपूर यांची पोलादी कलाकृती. घेवड्याच्या दाण्यासारख्या आकारामुळे लोक तिला 'द बीन' म्हणतात. ती १६८ पोलादी पत्र्यांची असून तिचे सांधे घासून अदृश्य करण्यात आले आहेत. ६० लाख डॉलरचा अंदाजित खर्च २ कोटी ३० लाखांवर गेला. तो देणग्यांतून भागविण्यात आला. उद्‌घाटनावेळी अपुरे असलेले हे शिल्प मे २००६ मध्ये विधिवत लोकार्पित झाले.

क्राउन कारंजे: स्पॅनिश कलावंत जाउमे प्लेन्सा यांचे ५० फूट उंचीचे दोन काचमनोरे. त्यांवर शिकागोच्या सुमारे हजार रहिवाशांचे चेहरे आळीपाळीने दिसतात.

लुरी उद्यान: बहुवर्षायू वनस्पतींची बाग. तिच्या रचनेत कॅथरिन गुस्ताफसन आणि पिट उडॉल्फ यांचा सहभाग होता.

मूल्यमापन

बांधकाम चालू असताना या प्रकल्पावर वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. उद्यान खुले झाल्यावर मात्र ते नागरिकांच्या आणि पर्यटकांच्या पसंतीस उतरले व भोवतालच्या परिसरात निवासी इमारतींची वाढ झाली. प्रवेश विनामूल्य असल्याने त्याचा लाभ सर्व थरांतील लोकांना मिळतो. तरीही उद्यान यशस्वी झाले म्हणून त्याची व्यवस्थाही निर्दोष होती, असा निष्कर्ष निघत नाही. काम कोणाला दिले याइतकेच, नेमके कोणते काम दिले हे आधी निश्चित असणे महत्त्वाचे असते, हे या प्रकल्पाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.