वायफायची खूण आणि तिचा भरंवसा

गेल्या वर्षीं आमच्या पुतणीनें महाविद्यालयाचा प्रवेश-अर्ज मोबाईलवरील एका ॲपांतून भरला. मुदतीचा तो शेवटचा दिवस. पडद्यावर वायफायची पंखाकृति खूण पूर्ण उमटलेली होती, 'पाठवीत आहोंत' या अक्षरांशेजारीं चक्र अर्धा तास फिरत राहिलें, आणि मुदत टळली. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं मुलीच्या आळसास दोष दिला. त्यांत आम्हीही होतों, हें कबूल केलें पाहिजे. मागाहून कळलें कीं, घराबाहेरील तार त्याच वेळीं तुटली होती. राऊटर सुरळीत चालू होता, पण त्याच्यापुढें वाटच नव्हती.

फोन राऊटरशीं जोडलेला असणें आणि इंटरनेट हातीं असणें, या दोन भिन्न गोष्टी होत. मुंबई सेंट्रल स्थानकावर २०१६ च्या जानेवारींत मोफत वायफाय सुरू झालें. अशा ठिकाणीं तें ज्यांनीं वापरलें असेल, त्यांस ठाऊकच आहे कीं खूण आधीं दिसते, परंतु ओटीपी भरीपर्यंत एकही पान उघडत नाहीं. ही पारख अँड्रॉइड एका साध्या युक्तीनें करितो. ठराविक पत्त्यावर तो एक लहानशी विचारणा धाडतो. उत्तरीं २०४ हा अंक आला, म्हणजे मजकूर कांहीं नाहीं, पण वाट मोकळी आहे. भलतेंच पान आलें, तर मध्यें कोणी द्वारपाल बसला आहे असें समजावयाचें. या परीक्षेचा निकाल २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून ॲपांनाही विचारतां येतो. न विचारणारीं ॲपें केवळ खुणेवर विसंबतात.

जोडणी बदलल्याची वार्ता ॲपास कशी कळावी, हा पुढचा प्रश्न. पूर्वीं अँड्रॉइड जणूं दवंडी पिटी. वायफाय गेलें कीं निजलेलीं ॲपेंसुद्धां दचकून उठत आणि बॅटरी व्यर्थ खर्ची पडे. २०१६ च्या सातव्या आवृत्तीनें ही जाग बंद केली. आतां ॲपानें आपलें नांव आधीं नोंदवावें, म्हणजे 'नेटवर्क-कॉलबॅक' या सोयीनें जोडणी आली, तिचे गुण बदलले, ती गेली, हें त्याला सांगितलें जातें. ॲपलनें अशीच सोय २०१८ मध्यें आणली. तरीही कांहीं ॲपें दर दहा सेकंदांनीं स्वतःच विचारीत बसतात. पोस्टमन आला का, म्हणून घटकेघटकेला दारांत जाणाऱ्या आजोबांची येथें आठवण होते!

खरी फसगत संक्रमणकाळीं होते. आपण घरांतून अंगणांत आलों कीं फोन वायफाय सोडून मोबाईल डेटावर जातो. पुष्कळदां नवी जोडणी आधीं येते आणि जुनी मागाहून सुटते. 'आहे' किंवा 'नाहीं' एवढीच एक नोंद ठेवणारें ॲप ती दुसरी वार्ता ऐकून इंटरनेट गेलें असा समज करून घेतें, आणि नवी जोडणी हातांत असतां स्वस्थ बसतें. शिवाय जुन्या वाटेनें निघालेला अर्ज सहसा आपोआप नव्या वाटेला लागत नाहीं. तो पुन्हां धाडावा लागतो, आणि एकच अर्ज दोनदां नोंदला जाऊं नये म्हणून त्याला आरंभींच क्रमांक द्यावा लागतो. पलीकडची पोंच हातीं येईपर्यंत मजकूर फोनमध्यें जपून ठेवावा, आणि तोंवर 'अर्ज पोंचलेला नाहीं' असें माणसास स्पष्ट सांगावें. एवढें एक वाक्य त्या रात्रीं पडद्यावर दिसतें, तर पुतणी शेजारच्यांच्या फोनवरून अर्ज भरती.

दुसऱ्या फेरींत तिला प्रवेश मिळाला, पण निराळ्या महाविद्यालयांत. आम्हीं तिची क्षमा मागितली. त्या ॲपची नवी आवृत्ति मध्यंतरीं आली. चक्राचा रंग तेवढा बदलला आहे.