रंग गेला म्हणजे विष गेले?

पाणी गाळून पिणे आणि गाळण्यात उरलेली जिवाणी त्याच जलाशयात परत सोडणे, हा जैन कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आचार आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवालाही इजा पोहोचू नये, ही त्यामागील दृष्टी. कापडाच्या व्यापाऱ्याने हीच दृष्टी रंगाईच्या सांडपाण्याकडे वळविली, तर काय दिसते?

इचलकरंजीसारख्या पंचगंगाकाठच्या वस्त्रनगरीत रंगाई करताना धाग्याला न धरलेला रंग पाण्यासोबत बाहेर पडतो. तो विरघळलेला असल्यामुळे कोणत्याही गाळण्यात सापडत नाही. अनेक रंग सूक्ष्मजीवांनाही सहज पचत नाहीत. काही अ‍ॅझो रंगांच्या अर्धवट विघटनातून तर कर्करोगकारक अमाइन निर्माण होतात. सक्रिय कोळसा रंग शोषून घेतो खरा. पण त्याने विष नष्ट होत नाही, केवळ जागा बदलते.

म्हणून रेणूच मोडावा लागतो. त्याचा एक मार्ग ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एच. जे. एच. फेंटन यांच्या १८९४ मधील शोधनिबंधातून पुढे आला. सांडपाण्यात आम्ल घालून त्याचा सामू ३ च्या आसपास आणतात आणि हिराकस व हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळतात. लोहामुळे पेरॉक्साइड फुटते व हायड्रॉक्सिल मूलक जन्मतात. त्यांचे आयुष्य क्षणाचेही नसते. पण तेवढ्यात ते रंगाचा रेणू तोडतात. शेवटी चुना घालून आम्लता घालविली की लोह गाळ होऊन तळाशी बसते.

येथे एक सावधगिरी हवी. रंग आधी जातो. रेणूचे तुकडे मात्र मागे राहू शकतात. नितळ दिसणारे पाणी निर्विष असेलच असे नाही. त्यासाठी सीओडीची तपासणी करावी लागते. उरलेला गाळही नाल्यात न टाकता अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठवावा लागतो.

आम्ल, पेरॉक्साइड, चुना, गाळाची वाहतूक, हा सारा खर्च अखेर कापडाच्या दरात उतरतो. तो वाचविण्यासाठी कोणी पाणी तसेच सोडले, तर खर्च मिटत नाही. तो काठावरच्या गावांच्या खाती पडतो. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि ते खाते आणखी लांबते. नफा मात्र दुसऱ्याच वहीत जमा होतो.

या व्यवहारात केवळ कारखानदार नाही, सर्वांत स्वस्त दर मागणारा व्यापारीही भागीदार असतो. रंगाईचा दर ठरविताना त्याने दोन प्रश्न विचारावेत: सीओडीचा अहवाल कोठे आहे? गाळ कोठे जातो? घरात पाणी गाळणाऱ्याला हे विचारणे जड जाऊ नये.