लिफ्टनं उतरणारा सुपरहिरो

दोस्तांनो, खरं सांगा, सुपरहिरोच्या सिनेमातली शेवटची मारामारी तुम्हांला नंतर आठवते का? मला नाही बुवा आठवत! २०१९चा 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' चांगला तीन तासांचा. शेवटी पडद्यावर एवढी गर्दी होते, की कोण कुणाला मारतंय तेच कळेना. टाळ्या मीही वाजवल्या, नाही असं नाही.

पण मला विचाराल, तर सॅम रायमीचा २००४चा 'स्पायडर-मॅन २' बघा. यातला पीटर पार्कर पिझ्झा उशिरा पोचवतो नि नोकरी घालवून बसतो. खोलीचं भाडं थकलेलं, कॉलेजात सरांची बोलणी. ऐन वेळी जाळंच सुटत नाही, तेव्हा बिचारा उंच इमारतीवरून चक्क लिफ्टनं खाली येतो, तेही त्या लाल-निळ्या पोशाखात!

आणि मग ती आगगाडी. थांबता थांबत नाही, पुढे रूळ संपलेला. पीटर डब्याच्या तोंडाशी उभा राहून दोन्हीकडच्या इमारतींना जाळी चिकटवतो. गाडी थांबते, पण तो कोसळतो. प्रवासी त्याला हातांवर झेलून आत घेतात. मुखवटा केव्हाच गेलेला. बघतात तर काय, हा तर कोवळा पोरगा! दोन मुलं मुखवटा परत आणून देतात. कुणाला सांगणार नाही, म्हणतात.

तेवढ्यात डॉक्टर ऑक्टोपस येतो. त्याचे ते लोखंडी हात पाहूनही प्रवासी पीटरच्या पुढे आडवे उभे राहतात. साधी माणसं हो, ऑफिसातून घरी निघालेली!