पिल्लाला कच्च्या मांसावरून ड्राय फूडवर कसे आणाल?

कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरियासारखे जिवाणू असू शकतात. फ्रीझरमध्ये ठेवूनही ते मरत नाहीत. पिल्लू ठणठणीत दिसले तरी त्याच्या लाळेतून आणि शीतून ते घरात पसरू शकतात. ५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि वृद्धांना याचा धोका जास्त असतो.

मात्र आहार एका दिवसात बदलू नका, पिल्लाचे पोट बिघडेल. असे करा:

• दिवस १ ते ३: पाव भाग ड्राय फूड
• दिवस ४ ते ६: निम्मे
• दिवस ७ ते ९: पाऊण भाग
• दिवस १० पासून: पूर्ण ड्राय फूड

उरलेला भाग मांसाचाच ठेवा, पण शिजवून. त्यात हाडे, मीठ-मसाला, कांदा-लसूण नको. ड्राय फूड पिल्लांसाठीचेच घ्या. त्यात पाणी फार कमी असते, म्हणून प्यायचे पाणी कायम समोर ठेवा. भांडे धुतल्यावर साबणाने हात धुवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पिल्लाला वारंवार जुलाब, उलट्या झाल्या किंवा ते मलूल पडले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्या. घरात कोणाला तापासह जुलाब झाले, तर तुमच्या डॉक्टरांना पिल्लाबद्दल आणि कच्च्या मांसाबद्दल आवर्जून सांगा.