उभ्या गाडीचं नाक कुठे?

चाकाच्या ओडोमीटरची तार कुठे आणि कशी जोडायची ते या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढच्या भागावर टाकतो, कारण उज्जैनहून असा एक प्रश्न आला आहे की त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

देवास गेटच्या बसस्टँडजवळ या वाचकांचं गॅरेज आहे. २०२८च्या सिंहस्थाआधी रस्तेपाहणीची कामं निघतील म्हणून त्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने एका जुन्या बोलेरोवर उपग्रहाची जोड असलेला आयएनएस, म्हणजे गाडीची हालचाल आतूनच मोजून जागा आणि दिशा सांगणारा डबा, बसवला. डबा मागच्या सीटखाली चासीला बोल्टने आवळला आहे, अँटेना टपावरच्या कॅरिअरवर आहे. मागच्या भागात सांगितलेला लिव्हर आर्म, म्हणजे डब्यापासून अँटेनापर्यंतचं अंतर, त्यांनी टेप लावून नीट मोजला आहे. ते लिहितात, ‘जागा अगदी सेंटीमीटरवर बरोबर येते. पण गाडी उभी केली की स्क्रीनवरचा बाण फिरत राहतो. आत्ता स्टेशनकडे तोंड, घटकेत महाकालाकडे. डबा खराब निघाला म्हणायचा का?’

डबा उत्तम आहे. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उभ्या गाडीत त्याच्यापाशी नाही, एवढंच.

उपग्रहांचा रिसीव्हर अँटेनाची जागा सांगतो. जागा म्हणजे एक बिंदू, आणि बिंदूला नाक नसतं. डब्यातले ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षण ओळखतात. उज्जैनला ते सेकंदाला सेकंदामागे सुमारे ९.७९ मीटर आहे. त्यावरून गाडी पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे किती कलली आहे ते डब्याला काही सेकंदांतच कळतं, आणि फार चांगलं कळतं. पण गाडी सपाट फरशीवर जागच्या जागी गरकन फिरवली तर गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. म्हणून कलासाठी पृथ्वीची ओढ पुरते, दिशेसाठी पुरत नाही.

मग चालत्या गाडीत बाण बरोबर कसा येतो? वेगाच्या दिशेवरून. रिसीव्हरच्या वेगात साधारण सेकंदाला ५ सेंटीमीटरची चूक धरा. गाडी सेकंदाला १० मीटरने, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने चालली असेल तर या चुकीमुळे दिशा जेमतेम ०.३ अंशाने हलते. सेकंदाला १ मीटर, म्हणजे माणसाच्या चालीने, गाडी सरकत असेल तर तीच चूक ३ अंशांची होते. आणि गाडी उभी असेल तर खरा वेग शून्य, उरते ती फक्त चूक. तिची दिशा दर क्षणाला बदलते आणि बाण तिच्यामागे धावतो. एकदा नीट चालवून आणलेल्या गाडीत चांगले डबे थांबल्यावर जायरोच्या, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या भागाच्या, आधारे शेवटची दिशा धरून ठेवतात. पण किल्ली फिरवल्यावर पहिल्यांदा गाडी हलेपर्यंत धरून ठेवायलाही काही नसतं.

यातलीच एक गोष्ट देवास गेटला हमखास नडेल. बसस्टँडच्या गर्दीत गाडी बहुतेक वेळा रिव्हर्स घेऊनच बाहेर काढावी लागते. नुसत्या वेगावरून दिशा ठरवणारा डबा त्या पहिल्या चार-सहा मीटरांवरून गाडीची शेपटी हेच नाक समजून बसतो, १८० अंशांची चूक घेऊन निघतो आणि ती निस्तरायला वेळ घेतो. म्हणून डबा चालू करण्याआधी गाडी रस्त्याला तोंड करून लावा आणि पहिली हालचाल पुढेच करा. स्टँडवरच्या बसमधल्या ट्रॅकरनाही हीच अडचण असते, पण तिथे ती कोणाला जाणवत नाही, कारण कंट्रोल रूमला बस कुठे आहे एवढंच हवं असतं. पाहणीच्या गाडीवर कॅमेरा किंवा लेझर असतो. दिशा १ अंशाने चुकली तर २० मीटरवरचा विजेचा खांब ३५ सेंटीमीटर सरकतो आणि नकाशात तो फुटपाथवरून उतरून रस्त्यात येतो.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे वळतो. दरवेळी कोणी ना कोणी विचारतं: पृथ्वी फिरते आहे, डब्यात जायरो आहे, मग जायरोला ते फिरणं कळून उत्तर दिशा सापडायला नको का? प्रश्न अगदी रास्त आहे. फूकोने १८५२मध्ये जायरोस्कोप केला तो पृथ्वीचं फिरणं दाखवण्यासाठीच, आणि पुढे जहाजांवरचे जायरोकंपास याच आधारावर उभे राहिले.

पृथ्वी तासाला १५.०४ अंश फिरते. पण गाडीच्या डब्याच्या वाट्याला त्यातलं किती येतं ते गावावर अवलंबून आहे. उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ मिनिटं. तिथे या फिरण्याचे दोन भाग पडतात: उभ्या अक्षाभोवती तासाला ५.९ अंश, आणि उत्तरेकडे आडव्या अक्षाभोवती १३.८ अंश. उत्तर शोधायला हा दुसराच भाग कामाचा. कन्याकुमारीला तो १४.९ असतो, लेहला १२.४, आणि ध्रुवावर शून्य. तिथे कितीही महाग जायरो नेला तरी उत्तर सापडायची नाही. उज्जैनमध्ये १ अंशाच्या आत उत्तर हवी असेल, तर जायरोची स्वतःची स्थिर चूक तासाला ०.२४ अंशापेक्षा कमी असायला हवी. बोलेरोत बसवला आहे तसल्या डब्यातला सिलिकॉनवर कोरलेला मेम्स जायरो फार चांगला असला तरी तासाला १ अंशाच्या आसपास चुकतो, आणि तेवढ्याने उत्तर ४ अंशांनी हुकते. साधा जायरो तासाला १० अंशांच्या घरात चुकतो. म्हणजे पृथ्वीचं फिरणं त्याच्या स्वतःच्या चुकीतच बुडून जातं. काचतंतूचे जायरो हे काम करतात, पण त्यांची किंमत विचारली तर गॅरेजमधली बोलेरो विकून वर भर घालावी लागेल.

होकायंत्राबद्दल एकच सांगतो. उज्जैनला चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे मोह होतो. पण लोखंडी बॉडी, स्पीकर, अल्टरनेटर आणि शेजारी उभी राहिलेली बस एवढ्यांच्या मध्ये बसलेल्या चुंबकसूचीवर मी दिशेचं काम सोपवणार नाही.

तर खरा उपाय म्हणजे दुसरा अँटेना. या वाचकांनी पाठवलेल्या फोटोत डब्याच्या मागच्या बाजूला दोन कनेक्टर दिसतात. एकाला केबल आहे, दुसऱ्याची रबरी टोपी अजून काढलेली नाही. ती काढा. दोन अँटेना टपावर अंतर ठेवून बसवले की प्रत्येक उपग्रहाची लहर दोघांकडे थोड्या पुढच्या-मागच्या टप्प्यात पोचते. ही लहर सुमारे १९ सेंटीमीटरची. तिच्या टप्प्यातला फरक मिलिमीटरपर्यंत मोजता येतो, आणि त्यावरून दोन अँटेनांना जोडणारी रेघ कोणत्या दिशेला आहे ते गाडी उभी असतानाही निघतं. १ मीटर अंतरावर साधारण ०.२ अंश, २ मीटरवर ०.१ अंश. म्हणून टपाची जितकी लांबी मिळेल तितकी वापरा. एक अँटेना पुढे, एक मागे. दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या आणि दोघांच्या केबलचं तोंड एकाच बाजूला ठेवा, म्हणजे त्यांच्या घडणीतली चूक दोघांत सारखीच राहून वजाबाकीत निघून जाते. कॅरिअरचे नट लटलटत असतील तर आधी पान्याने आवळा. हलणाऱ्या कॅरिअरवर ०.१ अंशाची गोष्ट करण्यात अर्थ नाही.

इथून पुढे काम ओळंब्याचं. अँटेनांची रेघ आणि गाडीची मधली रेघ यांत किती कोन आहे तो डब्याला आकड्यात द्यावा लागतो, आणि लोक तो डोळ्यांनी ठरवून शून्य टाकतात. गाडी फरशीवर सरळ उभी करा. पुढच्या बंपरच्या मध्यावरून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खूण करा. मागच्या बंपरवरून तसंच. मग प्रत्येक अँटेनाच्या मध्यावरून दोरी बाजूने खाली आणून त्याचीही खूण घ्या. टप मध्ये येतो म्हणून एक सरळ पट्टी आडवी धरून तिच्या टोकावरून ओळंबा सोडावा लागतो, आणि पट्टीला गुण्या लावून ती गाडीला काटकोनात आहे ना ते बघावं लागतं. दोरी ताणून दोन्ही रेघा फरशीवर काढल्या की कोन समोर दिसतो. २ मीटरच्या अँटेना-रेघेत ७ मिलिमीटर बाजूला सरकलं तर ०.२ अंश झाले. अँटेना आडवे, डाव्या-उजव्या कडेला बसवले असतील तर हा कोन ९० किंवा २७० असतो. बहुतेक डबे तो पहिल्या अँटेनाकडून दुसऱ्याकडे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात, पण पहिला कोणता आणि दुसरा कोणता हे केबलवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. दोन केबलींची अदलाबदल झाली की पुन्हा १८० अंश.

हे सगळं झाल्यावर बाण बरोबर आहे हे पडताळायचं कसं? इथे उज्जैनकरांचा मला हेवा वाटतो. जुन्या भारतीय ज्योतिषाची शून्य रेखावृत्ताची रेघ त्यांच्या गावातून जाते, आणि क्षिप्रेकाठी जयसिंगपुऱ्यात सवाई जयसिंहाची वेधशाळा उभी आहे. पडझड झालेली ही वेधशाळा १९२३मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली, ती गोविंद सदाशिव आपटे यांच्या प्रयत्नांमुळे. आपटे पुढे तिचे अधीक्षक झाले. सम्राट यंत्राच्या भिंतीची तिरकी कड गावाच्या अक्षांशाइतकीच उचललेली आहे आणि बरोबर उत्तरेकडे रोखलेली आहे. भित्तियंत्राची भिंत दक्षिणोत्तर उभी आहे. या भिंतींना दिशा द्यायला उपग्रह नव्हते. सूर्य होता, आणि शंकू होता.

तोच शंकू गॅरेजच्या अंगणात उभा करता येतो. शुल्बसूत्रांतली रीत अशी: सपाट जमिनीवर काठी ओळंब्यात उभी करा, तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, आणि तिला लंब ती उत्तर. घड्याळ लागतच नाही. घड्याळ वापरायचं असेल तर आणखी सोपं. उज्जैन ७५ अंश ४६ मिनिटं पूर्वेला आहे, भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटांवरची. म्हणून गावाचा सरासरी मध्यान्ह १२ वाजून २७ मिनिटांनी होतो. वर्षभरात तो मागेपुढे सरकतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४१ मिनिटांच्या आसपास, आणि २५ डिसेंबरच्या सुमाराला जवळजवळ नेमका १२.२७ला. त्या क्षणी टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीची सावली खऱ्या उत्तरेकडे पडते. वेधशाळा दरवर्षी पंचांग काढते, त्यावरून त्या दिवसाचा क्षण पक्का करता येईल.

डिसेंबर-जानेवारीत हे करा. तेव्हा दुपारची सावली लांब असते आणि मिनिटाला फक्त ०.३ अंश सरकते. मार्चअखेरीस ती दुपटीहून जास्त वेगाने सरकते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर सूर्य डोक्यावरच असतो आणि मोजायला सावलीच राहत नाही. सूर्याची थाळी अर्ध्या अंशाची असल्यामुळे सावलीची कड धूसर येते. दोन्ही धूसर कडांच्या मधोमध रेघ धरा.

ही रेघ चुन्याने लांब ओढा आणि गाडी तिच्या बाजूला, साधारण तिला धरून, नाक उत्तरेकडे करून लावा. गाडी रेघेशी अगदी समांतर लागायची गरज नाही. पुढच्या आणि मागच्या बंपरच्या ओळंब्यापासून रेघेचं अंतर मोजा. ४ मीटर लांबीत ७ सेंटीमीटरचा फरक म्हणजे १ अंश. नाक रेघेच्या पूर्वेला झुकलेलं असेल तर स्क्रीनवर १ अंश दिसला पाहिजे, पश्चिमेला असेल तर ३५९. अर्ध्या अंशाच्या आत जुळलं तर अँटेनांचा कोन बरोबर भरला आहे असं समजा. ९० किंवा १८०ने चुकलं तर आकडा उलटा-सुलटा पडला आहे. आणि १ ते ३ अंशांची चूक राहत असेल तर पुन्हा पट्टी आणि गुण्या काढा, बहुधा खाली आणलेली दोरी तिरकी आली आहे. हे करताना शेजारी बस नको. तिच्या पत्र्यावर आदळून आलेली लहर दोन्ही अँटेनांना वेगवेगळी फसवते, म्हणून स्टँडला लागून असलेली जागा सोडून मोकळं मैदान बघा.

एक बारीक फरक इथेच लक्षात ठेवा, नाहीतर सावली आणि नकाशा यांचं भांडण लागेल. सावली दाखवते ती खरी उत्तर. नकाशा यूटीएमच्या चौकटीत असेल तर उज्जैन ४३व्या पट्ट्यात येतं, त्याचं मधलं रेखावृत्त ७५ अंशांवर. उज्जैन त्याच्या पाऊण अंश पूर्वेला असल्यामुळे तिथे चौकटीची उत्तर खऱ्या उत्तरेच्या ०.३ अंश पूर्वेला झुकलेली असते. डब्यात दोन्हींतलं कोणतं निवडलं आहे ते सेटिंगमध्ये बघा आणि सावलीशी पडताळताना खरी उत्तरच ठेवा.

अँटेना बसला, कोन पडताळला, की मग गाडी इंदूर रस्त्यावर काढा आणि हरिफाटक पुलाखालून न्या. पुलाखाली आकाश झाकलं जातं, उपग्रह तुटतात, आणि डबा तेवढा वेळ जायरो आणि ॲक्सेलरोमीटरवर चालतो. बाहेर पडताना बाणाला हिसका बसतो का, जागा उडी मारते का, याची नोंद रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या आणि ती फाईल जपून ठेवा. पुलाखालच्या त्या काही सेकंदांत चाकाच्या तारेने काय फरक पडतो ते पुढच्या भागात त्याच फाईलवर दाखवता येईल.