चिमटा कोण उचलतं?

एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय. हातातला चिमटा खाली पडतो. तो हात लांबवतो, पण पोचत नाही. समोर दीड वर्षाचं पोर आहे, अजून धड बोलताही न येणारं. ते काय करतं? दुडुदुडु येतं, चिमटा उचलतं आणि त्याच्या हातात देतं!

कुणी सांगितलं नव्हतं, खाऊचं आमिषही नव्हतं. जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. २४ मुलांपैकी २२ जणांनी निदान एकदा तरी मदत केली. माणसानं चिमटा मुद्दाम फेकला, तर मात्र मुलं सहसा जागची हलत नव्हती. अडचण कुठली आणि नुसतं टाकणं कुठलं, हे त्या इवल्याशा डोक्याला कळतं!

मग बक्षीस देऊन ही वृत्ती आणखी वाढवावी का? याच जोडीनं २००८ मध्ये तेही पाहिलं. मदतीबद्दल खेळण्याचं बक्षीस मिळालेली मुलं, बक्षीस थांबल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली.

पडलेला चिमटा उचलायला काही खर्च येत नाही. आपलं असलेलं दुसऱ्याला देणं अवघड. ते कसं येतं? मानसशास्त्रज्ञ जे. फिलिप रश्टन यांनी १९७५ मध्ये याचं उत्तर मांडलं. शाळकरी मुलं खेळात टोकन जिंकत. ती स्वतः ठेवायची किंवा गरजू मुलासाठी द्यायची. त्याआधी एक मोठं माणूस तोच खेळ त्यांच्यासमोर खेळे. कधी ते देई, कधी सगळं स्वतःकडे ठेवी, कधी वर उपदेशही करी. मुलांनी कुणाचं ऐकलं? तोंडाचं नव्हे, हाताचं! दोन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. आणि तेव्हा सगळ्यांत उदार कोण निघाली? ज्यांनी एक शब्दही न बोलता देणारा माणूस पाहिला होता, ती.

असं का व्हावं? मला वाटतं, मूल चाणाक्ष दुकानदारासारखं असतं: बोलणं उधारीचं, कृती रोखीची, आणि ते रोखीवर विश्वास ठेवतं.

आता हेच आपल्याकडे पाहायला सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळला या. इथला आजारी माणूस अनेकदा मिरजेला जातो. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून दवाखाना म्हटलं की या भागाला मिरज आठवते. समजा, कवठ्यातल्या एका ख्रिस्ती घराची शेजारीण तिथं दाखल आहे. आई पहाटे उठून चार भाकरी जास्त थापते, पिठल्याचा डबा फडक्यात बांधते, त्या दिवसाचा रोज बुडवते आणि पोराला घेऊन मिरजेच्या गाडीत बसते. पोर काय पाहतं? पीठ आपलंच होतं. रोज बुडाला. आणि शेजारीण काही आपल्या चर्चची नाही! शब्बाथशाळेत ऐकलेली, परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट त्याच्या मांडीवर, डब्याच्या रूपानं, गरम लागत असते.

इथं मला एक विलक्षण गोष्ट दिसते. येशूनं दान गुपचूप करायला सांगितलं, उजव्या हाताचं डाव्यालाही कळू नये इतकं. पण घरातल्या पोरापासून ते लपतं कुठं? गावाला पत्ता नसतो, आणि एक साक्षीदार मात्र शेजारी बसून सगळं टिपत असतो. न बोलता दिलेलंच जास्त टिकतं, हे प्रयोगानं सांगायच्या किती आधीपासून अशा घरांत हे चाललंय!

आणि हे फक्त लहान मुलांपुरतं आहे का? लक्ष्मीबाई टिळक कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र नंतरही आपलं सोवळं सांभाळून होत्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ते सोवळं हळूहळू गळून पडलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे याच बाईंनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. नगरच्या त्यांच्या घरात अनाथ मुलांना आसरा होता, आणि हिंदूच राहिलेले बालकवी ठोंबरे तिथं घरच्यासारखे राहत. घरचा मुलगा दत्तू हे सगळं पाहत वाढला. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र अपुरं राहिलं, तेव्हा ते पूर्ण केलं ते त्यानंच.